आठ दिवस सावकाश

भागोजीने डबी उघडून चिप उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती डोळ्यांजवळ नेली, तसे काउंटरपलीकडून निकेतचे दोन्ही हात पुढे आले.

“काका, खाली बोट नका लावू! ते सोनेरी ठिपके खराब झाले की गेली.”

“लावत न्हाय. बघतोय,” भागोजी म्हणाला. “सील कुठं हाय हिचं?”

“कसलं सील?”

“स्पीड लॉकचं. आमच्या गाड्यांच्या डिझेल पंपाला तार ओवून शिशाचं सील मारायचो. ते दिसलं की समजायचं, ही गाडी ठरल्याच्या वर पळायची न्हाय.”

निकेतला गंमत वाटली. अलिबागच्या बाजारातल्या त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात चिप मागणारे पुष्कळ येत. तिचं सील शोधणारा हा पहिलाच. त्याने दुसरी डबी पुढे सरकवली.

“लॉकवाली ही. स्वस्त हाय. दोघी एकाच कारखान्यातल्या, आतून जवळजवळ सारख्याच. हिला कंपनीनं बांधून टाकलंय, तुमच्या हातातली मोकळी सोडलीय. ह्या मॅडमना ओव्हरक्लॉक करायचंय, म्हणजे मोकळीच घ्यायला लागेल.”

“ओव्हर काय?”

“पंप वाढवायचा, काका. माझ्या बापाचे दोन ट्रेलर हायत उरणला. ड्रायव्हर जाऊन सांगतो ना मेकॅनिकला, जरा पंप वाढवून दे. तसंच. कंपनीनं दिलेल्या स्पीडच्या वर पळवायची.”

आता भागोजीला कळलं. एसटीच्या मुरूड आगारात त्याने अठ्ठावीस वर्षं इंजिनं उघडली आणि बसवली होती. चहा पाजून पंप वाढवून मागणारे ड्रायव्हर त्याने चहा पिऊन परत पाठवले होते.

“मग इंजिन तापतं,” तो म्हणाला.

“ही पण तापते. म्हणून मोठा कूलर.”

भागोजीची मुलगी रचना शेजारच्या स्टुलावर यादी घेऊन बसली होती. शाळेच्या वहीचं पान होतं ते. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या लॅपटॉपवर घरं काढायची. कुणाची पडवी, कुणाचा ओटा, कुणाची न बांधलेली माडी. कुणी मागितलेली नसत. आता मात्र एक खरं काम समोर आलं होतं. गावच्या एसटी थांब्यावर नवी शेड होणार होती. ठेकेदाराने आणलेला नकाशा म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. रचनाने वेगळी शेड काढली आणि सरपंचांना कागद दाखवला. सरपंच म्हणाले, “मॅडम, कागदावर लोकांना काय कळायचं? सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत पडद्यावर हलतं दाखवा. नाहीतर ठेकेदाराचं मंजूर करून टाकतो.”

हलतं दाखवायचं म्हणजे मिनिटभराची फिल्म. मिनिटभराची फिल्म म्हणजे साडेसोळाशे चित्रं. जुना लॅपटॉप दुसऱ्या चित्रालाच बंद पडला होता.

“मॅडम, ग्राफिक्स कार्ड साधंच टाकू,” निकेत म्हणाला. “चित्रं चिपच काढणार असेल तर कार्डात पैसे घालू नका. ते मदरबोर्डात आणि कूलरमध्ये घालू.”

“हो, मी तसंच धरलंय,” रचना म्हणाली. “फक्त सगळं चाळीस हजारांच्या आत बसवा.”

भागोजी स्वस्थ बसणाऱ्यांतला नव्हता. निकेतने वीजपुरवठ्याचे दोन डबे ठेवले, तर त्याने दोन्ही हातांत एकेक घेऊन तोलले आणि हलका परत केला.

“ह्याच्यात तांबं कमी हाय.”

“बरोबर हाय काका,” निकेत जरा ओशाळला. “दिसायला भारी म्हणून लोक तोच नेतात.”

कूलरच्या पात्यांवरून त्याने रेडिएटरवरून फिरवावा तसा अंगठा फिरवला. निकेतने काढलेलं जुनं, वापरलेलं कार्ड उजेडाकडे धरून स्क्रू पाहिले. “हा उघडलेला हाय.” निकेतने कबूल केलं की आतली, उष्णता बाहेर काढणारी पेस्ट बदलली होती. हे सगळं बसवायच्या पेटीला मात्र त्याने नाक मुरडलं. पुढची बाजू अख्खी काचेची होती.

“खारं वारं हाय आमच्याकडं. काशीदच्या किनाऱ्यापास्नं घर किती लांब, हाक मारली तर ऐकू येईल. ही काच काय करायची? जाळी पायजे, आणि जाळी धुता आली पायजे.”

जाळीवाली साधी काळी पेटी निघाली. यादीवर शेवटची खूण झाली आणि निकेत बिलाचं पुस्तक शोधू लागला.

“एक सांगतो,” भागोजी म्हणाला. तो आता दुकानदाराशी नाही, मुलीशी बोलत होता. “पहिले आठ दिवस पंप वाढवायचा न्हाय. आन् दिवसाला चार तासांच्या वर चालवायचा न्हाय. नवं इंजिन हाय. आधी रुळू दे. बाळ्या ड्रायव्हरनं नवं इंजिन पहिल्याच फेरीला पोलादपूरच्या घाटात ताणलं होतं. सिलिंडरला ह्ये एवढाले ओरखडे. चाळीस माणसं भर उन्हात रस्त्यावर.”

निकेतने बिलावरून डोकं वर केलं. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. रचनाने त्याच्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली.

“बरं,” ती म्हणाली.

निकेतने बिल लिहिलं.

*

रविवारच्या दुपारी यंत्र जोडून झालं. भागोजीने स्क्रू एकदाही निसटू न देता सगळं बसवलं. फक्त चिपवर लावायची पेस्ट त्याने ग्रीससारखी बोटाने थापली.

“आबा, मसुराएवढी!” रचना म्हणाली.

“मसुराएवढ्यानं काय होतंय? बेअरिंग ओरडंल.”

“बेअरिंग नाहीये तिथं.”

त्याने पुसून पुन्हा लावली, मसुराएवढी, आणि ती पुरेल यावर विश्वास नसल्यासारखा थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिला. यंत्र सुरू झालं. पंखा फिरला. रचनाने पडद्यावर आपली शेड उघडली. भागोजी आत गेला आणि माळ्यावरून पत्र्याची एक पाटी घेऊन आला. फुटभर रुंद, त्याहून थोडी लांब. तिच्यावर पिवळ्या रंगात दोन ओळी होत्या:

नविन इंजिन
सावकाश

इंजिन नवं बसवलं की अशी पाटी गाडीच्या पाठीमागे लागायची. भागोजी आगारात सफाईला लागला तेव्हा त्याला अक्षर येत नव्हतं. तीस वर्षांचा झाला, मेकॅनिकच्या परीक्षेचा कागद समोर आला, तेव्हा आगाराच्या पेंटरने त्याला जेवणाच्या सुट्टीत पाटीवरची अक्षरं गिरवायला लावली. ही पाटी त्याने स्वतः रंगवलेली पहिली. घरच्या पत्र्यावर, सरावासाठी. रचना दुसरीत असताना तिने बोट ठेवून सांगितलं होतं, आबा, ‘वी’ दीर्घ असतो. भागोजीने ऐकून घेतलं आणि पाटी तशीच ठेवली.

आता त्याने तारेचा तुकडा घेऊन ती पाटी पेटीच्या पाठीला अडकवली. मग मागे सरून बघितलं. रचना हसली.

“कुणी मागून येणार आहे का, आबा?”

“येऊ दे न येऊ दे. चालवणाऱ्याच्या ध्यानात ऱ्हावं.”

सोमवारपासून ती शाळेतून आली की चार तास यंत्र चालवायची. एकेका चित्राला चार मिनिटं लागत. चित्र वरून खाली हळूहळू उमटे, जपून ठेवलं जाई, आणि पुढचं सुरू होई. चार तास भरले की भागोजी पडवीतून खाकरायचा. ती यंत्र बंद करायची.

मंगळवारी त्याने विचारलं, “कुठवर आलं?”

“फिल्ममध्ये एक एसटी येते, आबा. लांबून दिसते, वळण घेते, थांब्यावर थांबते आणि माणसं शेडमधून उठून चढतात. अजून ती लांबच आहे.”

“सोमवारच्या ग्रामसभेपातुर थांब्यावर येईल?”

रचनाने मनात हिशेब केला. तो तिने आधीच पुष्कळदा केलेला असावा, कारण उत्तर लगेच आलं.

“नाही. वळणावर येईल. तिथं संपेल.”

“मग?”

“वळणावर आली एवढं दाखवीन. पुढं ती थांबते हे लोकांना माहीतच आहे ना.”

ती हे सहज म्हणाली, आणि तांदूळ धुवायला मागच्या दारी गेली. तिथे पाण्याचं निळं पिंप होतं. त्याच्या तोंडावर झाकण म्हणून एक लाकडी फळा ठेवलेला असे. तिने तो बाजूला केला, तांब्या बुडवला, फळा पुन्हा ठेवला. भागोजीच्या कानांना तो आवाज रोजचा होता.

*

गुरुवारी तो एकटाच अलिबागला गेला. आठ दिवस झाले की पंप वाढणार, तेव्हा आणखी एक पंखा लागेल, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. रचनाला सांगितलं नव्हतं. तिला सोमवारी सकाळी द्यायचा होता.

“आलात काका,” निकेत म्हणाला. “किती वाढवलं मॅडमनी? तापमान किती जातंय?”

“वाढवलं न्हाय अजून. रुळवतोय. चार दिस झाले.”

निकेतने पंख्याचा खोका खाली ठेवला.

“काका, राग नका मानू. चिपला रुळवणं-बिळवणं नसतं. तिच्या आत घासणारं काय नायच. पिस्टन नाय, रिंग नाय. पहिल्या दिवशी जेवढी पळते तेवढीच. उलट जशी जुनी होईल तशी थोडी थोडी कमीच पळते.”

“मग सावकाश चालवली तर?”

“नुसती ठेवली तरी काय? दोन वर्षांत हिच्यापेक्षा जोरात पळणारी निम्म्या भावात येणार. हिचे दिवस आता हायत.” मग तो जरा घुटमळला. “त्या दिवशी बोलणार होतो मी. मॅडमनी नको म्हणून खूण केली. संध्याकाळी फोन केला मी, म्हटलं मॅडम, आठ दिवस घालवू नका. त्या म्हणाल्या, मला माहिती आहे.”

“माहिती हाय म्हणाली?”

“हां. म्हणाल्या, आबांच्या हातून कधी इंजिन बिघडलं नाही, त्यांना वाईट वाटेल.”

भागोजीने पंखा घेतला. पैसे दिले. उरलेले न मोजताच खिशात टाकले.

मुरूडच्या गाडीत त्याला खिडकी मिळाली. चालक ओळखीचा होता, पण आज तो पुढे गप्पा मारायला गेला नाही. रेवदंड्याचा पूल आला. खाडीला ओहोटी होती आणि होड्या चिखलावर कलंडलेल्या होत्या. खोका मांडीवर धरून तो बसला होता.

बारावीनंतर रचनाने मुंबईच्या कॉलेजचा अर्ज आणला होता. इमारती काढायला शिकवणारं कॉलेज. नंबर लागत होता. तेव्हा त्याने काय सांगितलं होतं ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. आधी डी.एड. कर, नोकरी लागू दे, दोन-चार वर्षं रूळ, मग तुला काय हवं ते कर. जनी, त्याची बायको, तेव्हा होती.  रचना म्हणाली होती, “बरं.”

सतरा वर्षं झाली त्याला.

गाडी एका थांब्यावर थांबली. खाली मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई उभी होती. कंडक्टरने उतरून हात लावला तेव्हा तिला पाटी खाली घेता आली. भागोजी काचेतून बघत राहिला. जनी भाजीची पाटी घेऊन मुरूडच्या बाजारात जायची. जाताना गाडीची वाट बघत भरलेली पाटी डोक्यावर तशीच घेऊन थांब्यावर उभी राहायची, कुणीतरी येऊन हात लावीपर्यंत.

*

शाळा सुटल्यावर रचना घरी आली तेव्हा ऊन पडवीवरून उतरलं होतं. सवयीने ती आधी मागच्या दारी गेली, पाय धुवायला. पिंपाशी वाकली आणि थांबली.

पिंपावर फळा नव्हता. पत्र्याची पाटी होती. अक्षरं वरच्या बाजूला, त्यांच्यावर पाण्याचे थेंब. तिने पाटी उचलली. तारेचा तुकडा अजून एका भोकात होता. तिने पाणी घेतलं, पाय धुतले, पाटी पुन्हा पिंपावर ठेवली. पत्र्याचा वेगळाच आवाज झाला.

आत यंत्र जागेवरच होतं. पण टेबलावर त्याच्याखाली आता फळा होता. घासून, धुऊन, उन्हात वाळवलेला. लाकूड पांढरट निघालं होतं आणि कडेने टाचण्यांची भोकं दिसत होती. अकरावीत असताना त्यावर ती चित्रकलेचा कागद लावायची. त्यानंतर तो पिंपावर गेला होता.

भागोजी पेटीचं झाकण काढून पंखा हातात धरून बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

“ह्यो कुठं बसतो बघ. वारं आत घ्यायचं का बाहेर टाकायचं?”

“बाहेर,” रचना म्हणाली. मग पेटीच्या मोकळ्या पाठीकडे बघून, “आबा, चारच दिवस झालेत.”

“स्क्रू दे. बारका.”

तिने स्क्रू दिला. त्याने तो लावला, पिळला, बोटाने तपासला.

“तुला ठाऊक होतं.”

“काय?”

“काय न्हाय. दुसरा दे.”

चारही स्क्रू बसले. त्याने झाकण लावलं. रचना खुर्ची ओढून बसली, यंत्र सुरू केलं आणि निळ्या पडद्यावरचे स्पीडचे आकडे एकेक पुढे सरकवू लागली. भागोजी तिच्या मागे उभा राहून बघत होता. आकडे इंग्रजी होते, पण ते त्याला वाचता येत होते.

“थोडंच वाढवते,” ती म्हणाली. “तापलं तर खाली आणीन.”

“किती वाजता संपंल?”

“आत्तापासून न थांबता चालवलं आणि लाईट गेली नाही तर... सोमवारी सकाळी. ग्रामसभेच्या तास-दोन तास आधी.”

“मंग चालव. मी बसतो हितं.”

“चार दिवस?”

“पेन्शनीत हाय मी. दुसरं काय काम हाय मला?”

तिने फिल्म उघडली. तयार झालेला तुकडा आधी त्याला दाखवला. दूर माडांमागे लाल ठिपका. जवळ शेड. तिची पाठ समुद्राकडे वळवलेली, म्हणजे खारं वारं बसणाऱ्याच्या तोंडावर येणार नाही. भिंतीत एक उभी फट, तिच्यातून वळण दिसतं. भागोजी पुढे वाकला. शेडच्या एका टोकाला छातीएवढ्या उंचीचा रुंद कठडा होता, त्यावर कुणी बसू शकणार नाही इतका उंच.

“ह्यो कशाला?”

“पाटी टेकवायला,” रचना म्हणाली. “मान वाकवली की डोक्यावरून सरळ कठड्यावर. हात लावायला कुणी लागत नाही.”

 भागोजीने तो कठडा पुन्हा दाखवायला सांगितला. तिने दाखवला. मग तिने बटण दाबलं आणि यंत्र कामाला लागलं. पंख्यांचा आवाज चढला. रोजच्याहून वरचा, पण एकसारखा. भागोजीने स्टूल ओढलं आणि पेटीच्या पाठीवर तळहात ठेवला. जिथे चार दिवस पाटी होती तिथेच. पत्रा कोमट झाला. मग त्याहून थोडा गरम. डोळे मिटून तो ऐकत राहिला.

“कसं आहे?” रचनाने विचारलं.

“चांगलं चाललंय.”

पडद्यावर चित्र वरून खाली उमटत आलं. माड आले, रस्ता आला, कठडा आला, सगळ्यात शेवटी गाडीची चाकं. चित्र पुरं झालं, जपून ठेवलं गेलं, आणि पुढच्याची पहिली रेघ वर उमटली. भागोजीने डोळे उघडून मनगटावरचं घड्याळ पाहिलं. हात पत्र्यावरून काढला नाही.

“चार न्हाय,” तो म्हणाला. “साडेतीन मिनिटं.”